लग्नातल्या गाडीचा रंग

माझ्या सासऱ्यांना अमेरिकेहून खेळण्यातली मोटार भेट आली, तेव्हा ते साठीला टेकले होते. त्यांनी खोका उघडला, आत बघितलं, झाकण लावलं आणि तो कपाटावर टाकून दिला. "आता खुळखुळा तेवढा पाठवायचा राहिलाय," असं म्हणून ते पेपर वाचायला बसले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळची पेठ वडगावची. लग्न होऊन कोल्हापुरात राजारामपुरीत आले त्याला वर्षही झालं नव्हतं. मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायची. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी. घरात माणसं चारच. नवरा बँकेत, तो संध्याकाळी उगवायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी.

मामंजी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. कचेरी सुटली, पण कचेरीची खोड काही सुटली नव्हती. सकाळी जेवण झालं की सवयीने कोट चढवायचे. मग कुठं जायचं नाही हे ध्यानात यायचं आणि कोट पुन्हा खुंटीवर जायचा. त्यानंतर दिवसभर घर हीच कचेरी. दुधाच्या पातेल्यावर झाकण का नाही, कांदा उभा का चिरला, मागच्या दाराची कडी कुणी काढली, अशा चौकशा चालायच्या. आत्याबाई कातावून जायच्या. "कलेक्टरला म्हणावं ह्यास्नी परत घ्या, न्हायतर मी काशीला जातो," असं त्या मला सांगायच्या, मामंजींना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'जातो, येतो' असंच बोलतात. आत्याबाईंच्या तोंडी ते फार शोभायचं.

खोका पाठवला होता माझ्या धाकट्या दिराने. तो अमेरिकेत इंजिनियरिंग शिकत होता. वडिलांचा वेळ जात नाही हे त्याच्या कानावर गेलं होतं, म्हणून सुट्टीवर येणाऱ्या एका मित्राबरोबर त्याने ही भेट धाडली. झाकणावर जुन्या काळातल्या एका लांब नाकाच्या मोटारीचं झोकदार चित्र होतं. आत मात्र मोटार नव्हती. आत होते राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग, प्लास्टिकच्याच काड्यांना कैऱ्यांच्या घोसासारखे लटकलेले. ते तोडायचे, चिकटवायचे, रंगवायचे, मग चित्रातल्यासारखी गाडी व्हायची.

एका दुपारी मला राहवेना. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या, मामंजी डोळे मिटून आरामखुर्चीत होते. मी स्टुलावर चढून खोका काढला, जमिनीवर चटई टाकली आणि भाग मांडले. इवल्याशा चाकांवर खऱ्या टायरसारखी नक्षी होती. दिव्यांच्या वाट्या करंगळीच्या नखाएवढ्या. आणि इंजिन! अंगठ्याएवढं इंजिन, पण त्यावर पंखासुद्धा होता. मी कात्री घेतली आणि पहिलं चाक तोडलं.

"सूनबाई," आरामखुर्चीतून आवाज आला, "कागद वाचलास का?"

तोवर मामंजींचं आणि माझं बोलणं चहापुढे फारसं गेलेलं नव्हतं. मी दचकून म्हटलं, "कुठला कागद?"

"त्यात सूचनांचा कागद आहे. मी त्या दिवशी बघितलाय. कागद न वाचता कात्री लावायची ही कुठली पद्धत?"

ते उठले, चष्मा लावला, घडीचा मोठा कागद उलगडला आणि माझ्यासमोर चटईवर मांडी घालून बसले. कागदावर प्रत्येक भागाला नंबर होता आणि कुठला भाग कशानंतर लावायचा त्याच्या आकृत्या होत्या. मामंजींचा चेहरा बघता बघता बदलला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच तर केलं होतं: कागद वाचायचा, नंबर बघायचा, पुढचं प्रकरण घ्यायचं. ते नंबर पुकारायचे, मी भाग शोधायची. आत्याबाई परत आल्या तेव्हा आम्ही दोघं डोकं खाली घालून इंजिनाचे दोन अर्धे एकमेकांना जुळतात का ते बघत होतो. त्या दारातच थांबल्या. मग आत गेल्या आणि न मागता चहा घेऊन आल्या.

पण चिकटवायचं कशाने? खोक्यात एक नळी होती, ती प्रवासात दगड होऊन गेलेली. आम्ही डिंक लावून बघितला, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून बघितलं. कशाने काही धरेना. शेवटी आमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, हे प्लास्टिक क्लोरोफॉर्मने विरघळतं. दोन्ही कडांना कुंचल्याने पुसटसं लावायचं आणि दाबून धरायचं, कडा एकमेकींत मुरतात. त्यांनी एका बाटलीत थोडं दिलंही. ते मी घरी आणलं आणि आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

"भुलीचं औषध? माझ्या सैपाकघराच्या शेजारी? दोघं बी झोपून ऱ्हाशीला की हितंच!"

मग ठरलं की चिकटवायचं काम गॅलरीतच करायचं, वाऱ्याला बसून, आणि आत्याबाई दारात उभ्या राहून लक्ष ठेवणार. त्या खरंच उभ्या राहायच्या. आम्ही जरा गप्प झालो की ओरडायच्या, "जागी हायसा न्हवं?"

असे बरेच आठवडे गेले. मी शाळेतून आले की जेवण, आणि मग गॅलरी. नेलकटरने भाग तोडायचे, ब्लेडने पापुद्रे काढायचे, पॉलिश पेपरने घासून कडा गुळगुळीत करायच्या. मामंजींचा हात स्थिर, त्यामुळे चिमट्याने बारीक भाग बसवण्याचं काम त्यांचं. रंगाचं आणि कापाकापीचं काम माझं. त्यांनी कोट घालणं कधी सोडलं ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. कांद्याची चौकशीही बंद झाली.

स्टिअरिंगवर आम्ही अडलो. अमेरिकेची गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. मामंजींना ते पसंत नव्हतं. "ही गाडी आपल्या रस्त्यावर चालणार कशी? आमच्या पोलिसाने धरली तर?" मी म्हटलं, कागदावर डावीकडेच दाखवलंय. ते कागदाकडे बघत बसले, आणि मला वाटलं, झालं, हा माणूस कागदाबाहेर जाणार नाही. पण ते म्हणाले, "कागद त्यांच्या देशापुरता. काप ते." मग मी पुढची पट्टी कापून काढली, तिच्यातलं डावीकडचं भोक प्लास्टिकच्या चुऱ्याने बुजवलं आणि उजवीकडे नवं पाडलं. तापवलेल्या दाभणाने पाडलं. स्टिअरिंग उजवीकडे बसलं तेव्हा मामंजींनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर अपघात झाला. गाडी बांधून पूर्ण झाली होती, रंग तेवढा राहिला होता. मी म्हटलं होतं, रविवारी सावकाश लावू. मामंजींना दम निघेना. मी शाळेत असताना ते शाहूपुरीतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेले, तिथून खऱ्या मोटारीचा रंग थिनर घालून बाटलीत आणला आणि टपावर फासला. मी घरी आले तर ते गॅलरीच्या दारात हात मागे बांधून उभे. चेहरा असा, जणू कचेरीला आग लागली.

"सूनबाई," म्हणाले, "टप गेला."

बघितलं तर टपावर तापवलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. थिनरने प्लास्टिक खाल्लं होतं. मधोमध टप खाली बसला होता, काचांच्या चौकटी वाकल्या होत्या. खालचा भाग तेवढा शाबूत. मला रडूच आलं. मामंजी गाडी हातात घेऊन खाटेवर बसले, ती फिरवून फिरवून बघत. मग म्हणाले, "टप कापून टाकला तर?"

"आणि?"

"उघडी गाडी. मागे कापडी टप, दुमडलेला. पूर्वी तशाच असायच्या. आमच्या लग्नातली गाडी तशीच होती."

त्या दुपारी मी पहिल्यांदा ती गोष्ट ऐकली. आत्याबाईंचे वडील गगनबावड्याला शाळामास्तर होते. लग्न तिथेच झालं, वैशाखात. नवऱ्या मुलाकडची माणसं बैलगाड्यांतून गेली होती आणि नवरी घेऊन तशीच परतणार होती. पण गावात हिरड्याचा मोठा व्यापारी होता, त्याने त्या भागातली एकुलती एक मोटार नुकतीच आणली होती. त्याची मुलं मास्तरांच्या हाताखाली शिकलेली. तो म्हणाला, मास्तरांची लेक बैलगाडीतून सासरी जायची नाही. आणि त्याने आपली उघडी मोटार ड्रायव्हरसकट दिली. मामंजी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले ते त्या दिवशी. वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं रस्त्यावर येऊन उभी राहत होती. मोटार थांबली की मुलं भोंगा दाबून पळत होती. 

हे सांगताना त्यांचा आवाज कचेरीतला राहिला नव्हता. "तीच गाडी करूया की मग," मी म्हटलं.

तापवलेल्या ब्लेडने मी टप कापला. छत्रीच्या जुन्या काळ्या कापडाचा दुमडलेला टप करून मागे बसवला. शाई भरायच्या ड्रॉपरचं रबर कापून भोंग्याचा फुगा केला. मामंजी एकेक आठवण काढायचे आणि आम्ही तसं करायचो. पायरीवर ड्रायव्हरचा पाण्याचा डबा होता, तो आला. मागे पत्र्याची ट्रंक बांधली होती, ती मी काडेपेटीची केली. रंगासाठी या वेळी हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंटचे छोटे डबे आणले. तो रंग वाळायला वेळ घेतो, पण प्लास्टिकला इजा करत नाही. आधी खालच्या बाजूला लावून खात्री केली. मामंजींनी रंग सांगितला तो गर्द हिरवा. सुरेख दिसली गाडी.

आत्याबाई अंबाबाईच्या देवळातून आल्या. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून गाडी वाळत ठेवली होती.

"ही कुणाची?"

"ओळख बघू," मामंजी खुशीत म्हणाले. "आपल्या लग्नातली."

आत्याबाई वाकून बघायला लागल्या. भोंगा ओळखीचा वाटला, ट्रंक बघून हसल्या. मग एकदम सरळ उभ्या राहिल्या. "पर ही हिरवी का?"

"हिरवीच होती."

"कुणाच्या लग्नातली सांगताय? आपल्या लग्नातली गाडी किरमिजी हुती. चांगली लालभडक किरमिजी."

"हिरवी!"

"किरमिजी! मी बसलतो की तिच्यात!"

"आणि मी काय मागनं पळत आलतो?"

मामंजी कोल्हापुरी बोलायला लागले म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजायचं. त्या संध्याकाळी जेवताना दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलले. "तुझ्या सासऱ्यास्नी इचार, ताक पायजे काय." "तुझ्या सासूला सांग, हिरव्या गाडीतनं आलेल्या माणसाला ताक चालतं." माझ्या नवऱ्याने ताटातून मान वर काढली नाही. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती.

दोन दिवसांनी आत्याबाईंचा मला रंगाच्या दुकानात जाण्याचा हुकूम झाला. हिरवा रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसून मी गाडी किरमिजी केली. आता मामंजी गॅलरीत यायचे बंद झाले. आरामखुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे, पान उलटायचं नाही. मग एके दिवशी त्यांनी पुन्हा कोट घातला. एवढ्या मेहनतीने माणूस कोटातून बाहेर काढला होता.

शेजारीपाजारी बातमी पसरली. जो तो येऊन गाडी बघायचा आणि मत द्यायचा. कुणाला त्या काळी सगळ्या गाड्या काळ्याच असल्याचं आठवत होतं. लग्नाला हजर असलेला मामंजींकडचा एकच चुलतभाऊ हयात होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "रंगाचं न्हाय आठवत. जिलेबी चांगली हुती."

शेवटी मीच म्हटलं, "गगनबावड्याला जाऊन विचारूया की. त्या व्यापाऱ्याच्या घरी कुणीतरी असेल."

"पावसाचं?" नवरा म्हणाला. "गगनबावड्याला? गाडीचा रंग विचारायला?"

पण मामंजींनी छत्री शोधायला सुरुवात केली होती आणि आत्याबाई आतून ओरडल्या, "दशम्या करतो. सकाळच्या एस्टीनं जाऊ."

तिघं निघालो. मी माझी रंगपेटी आणि चित्राची वही पिशवीत टाकली. एस्टीत दोघं माझ्या दोन बाजूंना बसले, एकमेकांशेजारी नाहीत. गगनबावड्याला उतरलो तर समोरचं माणूस दिसत नव्हतं, असं धुकं. पाऊस वरून पडत नव्हता, चहूकडून येत होता. धुक्यात आत्याबाईंनाही वाट उमगेना, म्हणून चहाच्या टपरीवर पत्ता विचारला. व्यापाऱ्याला जाऊन खूप वर्षं झाली होती, पण घर होतं. घरात त्याची थोरली सून होती, आत्याबाईंहून दहाएक वर्षांनी लहान, चुलीपुढे शेकत बसलेली.

"या पावणं, आत या. भिजलासा की. कुठनं आला?"

"कोल्हापूरहून," मामंजी म्हणाले.

"एवढ्या पावसाचं? काय काम काढलं?"

मामंजी घसा खाकरत बसले. भल्याभल्या साहेबांपुढे न अडखळणारा माणूस, काम काय ते त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. आत्याबाईंनी पदर झटकला. "मी हितल्या जुन्या मास्तरांची लेक. माझ्या लग्नात तुमच्या सासऱ्यांनी गाडी दिलती. तिचा रंग कंचा हुता त्ये इचारायला आलोय."

ती बाई आधी नुसती बघत राहिली. मग अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "अगं बया! मी लगीन हून आलो तवा गाडी परड्यात पडून हुती. चाकं न्हवती. भोपळ्याचा येल चढल्याला तिच्यावर. मला आपला भोपळ्याचा रंग ठावं."

"आता कुठं हाय गाडी?" आत्याबाईंनी विचारलं.

"भंगारात गेली की कवाच. एक दार तेवढं ऱ्हायलंय. कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. बगायचंय?"

आम्ही परड्यात गेलो. दगडी खुराडं, आणि त्याला खरोखर मोटारीचं दार, बिजागरीसकट. पण दार काळंकुट्ट. पावसाने पत्रा खाऊ नये म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर डांबर फासायचे. डांबरावर डांबर चढून त्याचा जाड थर झाला होता. मामंजींचा चेहरा पडला.

"डांबर रॉकेलनं निघतं," मी म्हटलं.

बाईने चिंधी आणि रॉकेलची बाटली आणून दिली. मामंजींनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. आत्याबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. आतून कोंबड्या कुरकुर करत होत्या. मी घासत होते, चिंधी काळी होत होती. वरचे थर सुटले, मग तपकिरी डाग दिसला, आणि त्याखालून डांबराने सांभाळून ठेवलेला रंग वर आला.

निळा.

मोरपिशी निळा, चकचकीत. मी आणखी घासलं, हाताएवढी जागा मोकळी केली. सगळीकडे निळाच. मामंजींनी खिशातून चाकू काढला आणि एका कडेला रंग खरवडून बघितला. खाली दुसरा रंग असला तर? खाली नुसता पत्रा होता.

घरमालकीणच म्हणाली, "चला, च्या टाकलाय."

मी खुराड्यासमोर उकिडवी बसून वहीत तो निळा रंग जुळवला. पावसाचे थेंब पडून कागद फुगला, पण रंग जमला.

परतीच्या एस्टीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो, मी खिडकीकडे सरकले होते. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी गाडीत बसल्यावर तुम्ही बघत काय होता?"

"बघतो काय? नव्या नवरीनं मान वर करायची सोय हुती व्हय? मांडीवरचा शालू बघत बसलतो, कोल्हापूर येईस्तोवर."

"शालू कुठल्या रंगाचा होता?"

"किर..." आत्याबाई थांबल्या. मग तोंडाला पदर लावला.

मामंजी खो खो हसायला लागले. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आत्याबाईंनी त्यांना कोपर मारलं. "हसताय काय? तुमी काय बघत हुता?"

"मी बाहेर बघत होतो."

"बाहीर काय हुतं?"

मामंजींनी माझ्यापलीकडच्या खिडकीकडे बघितलं. धुकं जरा विरळ झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार झाडी होती, ओली, अंगावर आलेली. त्यांचं हसणं थांबलं. "झाडी," ते म्हणाले.

आता आत्याबाईंची पाळी होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पर मी म्हणतो, एवढं सोळा कोस नुसतं बाहीर बघायला काय हुतं त्यात? शेजारी नवी बायकू बसलेली."

मामंजींनी छत्रीच्या मुठीवरचं पाणी पुसलं. "म्हणूनच," ते हळू म्हणाले. "तुझ्याकडं बघायचं धाडस कुणाला होतं?"

आत्याबाई मान खाली घालून मांडीवरचं लुगडं बघायला लागल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले, ते मात्र मुद्दाम.

गाडी निळी झाली. या वेळी रंगाला तिघंही बसलो. गादीला मी किरमिजी रेशमाचा तुकडा लावला, आत्याबाईंनी तो स्वतः ट्रंकेतून काढून दिला, आणि कुठला ते कुणी विचारायचं नाही असं बजावलं. शाडूची माणसं मी केली. ड्रायव्हरला फेटा बांधला. नवरी खाली बघणारी आणि नवरा बाहेर बघणारा.

त्या वर्षी घरच्या गणपतीपुढे आमची आरास म्हणजे गगनबावड्याचा रस्ता होता. कागदाचे डोंगर, खऱ्या शेवाळाची झाडी, आणि वळणावर निळी मोटार. गल्लीतली माणसं गणपतीचं दर्शन पटकन उरकायची आणि मोटारीपुढे थांबायची. मामंजी छडी घेऊन समजावून सांगायचे. "ही आमच्या लग्नातली गाडी. निळीशार होती. ऊन पडलं की डोळे दिपायचे."

मी चकित होऊन बघत राहायची. त्यांना आता खरंच आठवत होतं!

आत्याबाई आतून प्रसादाची वाटी घेऊन यायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "ह्यास्नी आधी हिरवी वाटायची. मी पयल्यापासनं सांगत हुतो, निळी म्हणून."

पुढे दीर सुट्टीवर आला. सगळ्यात आधी मामंजींनी त्याला गाडी दाखवली. त्याने ती हातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली. "टप कुठं गेला? स्टिअरिंग इकडं कसं?" त्याला वाटलं, आम्हाला सूचना समजल्या नाहीत. मामंजींनी त्याला खुर्चीवर बसवून सगळी हकिकत सांगितली, थिनरपासून कोंबड्यांपर्यंत. तो ऐकत गेला आणि शेवटी म्हणाला, "बाबा, मी दुसरी पण आणलीय. ट्रकची आहे."

ट्रकचा खोका त्याच दिवशी उघडला. सूचनांचा कागद मामंजींच्या हातात, कात्री माझ्या. पण या वेळी चटईवर आमच्याआधी आत्याबाई येऊन बसल्या होत्या, मांडीवर खराट्याच्या काड्यांची जुडी घेऊन. काड्या त्यांनी आधीच बोटाएवढ्या कापून ठेवल्या होत्या.

"ह्यो ऊस," त्या म्हणाल्या. "मागं भरायचा. आधी सांगून ठेवतो, ट्रक साखर कारखान्याकडं चाललाय. आणि रंग मी सांगीन त्यो."